गिरणगावचा पडदा : प्रेक्षकाच्या इतिहासाकडे

मराठी चित्रपटाचा इतिहास आजवर बहुतांशी निर्माते, दिग्दर्शक आणि नट यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला. चित्रपट कुठे पाहिला गेला, कुणाच्या शेजारी बसून आणि कोणत्या वस्तीतून चालत जाऊन, हे प्रश्न त्यात दुय्यम ठरले. नाटकाच्या अभ्यासात नाट्यगृह आणि प्रेक्षक यांचा विचार निदान ओझरता तरी होतो; चित्रपटगृहाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. मुंबईच्या गिरणगावातील आणि त्याला लागून असलेल्या दादरमधील पडद्यांकडे आम्ही या दृष्टीने पाहू इच्छितो. ऐंशीच्या दशकात आमचे बालपण याच परिसरात गेले, एवढाच आमचा अधिकार.

वस्ती आणि पडदा यांचे नाते मुंबईत प्रारंभापासूनचे आहे. 3 मे 1913 रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला. 14 मार्च 1931 रोजी 'आलम आरा' हा पहिला बोलपट तेथीलच मॅजेस्टिकमध्ये. या मॅजेस्टिकच्या आश्रयाने 1942 मध्ये पुस्तकांचे एक दुकान सुरू झाले आणि त्याने चित्रपटगृहाचेच नाव घेतले. पुढे त्याच घराण्यातून मॅजेस्टिक प्रकाशन आणि 1964 मध्ये 'ललित' मासिक आले. चित्रपटगृह आमच्या जन्मापूर्वीच पाडले गेले. नाव मात्र मराठी ग्रंथव्यवहारात राहिले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना चित्रपटगृह हा परका विषय वाटू नये, यासाठी हे एक उदाहरण पुरेसे आहे.

लालबागचे भारतमाता ही मात्र वेगळी गोष्ट. गिरणीच्या जमिनीवर उभे असलेले हे चित्रपटगृह मराठी चित्रपटांचे हक्काचे घर म्हणून ओळखले गेले. पाळी सुटलेला कामगार, चाळीतली बायकामाणसे, गावाहून आलेले पाहुणे हा त्याचा प्रेक्षक. दादा कोंडके नायगावच्या अशाच गिरणी कामगारांच्या वस्तीतले. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्याने त्यांना जो प्रेक्षक दिला, तोच 1971 मध्ये 'सोंगाड्या'साठी दादरच्या कोहिनूरपर्यंत आला. त्या चित्रपटाला चित्रपटगृह मिळावे म्हणून शिवसेनेला रस्त्यावर उतरावे लागले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. पडदा कुणाचा, हा प्रश्न तेव्हाही भाषेचा आणि वर्गाचा होता.

आम्ही चित्रपटगृहात जाऊ लागलो तोवर गिरणगाव मोडू लागले होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यातले असंख्य परत गिरणीत गेलेच नाहीत. सिनेमा तेव्हा घरात चैनीच्या सदरात गेला. सणावाराला, निकालाच्या दिवशी किंवा मामा आला तर, अशी त्याची निमित्ते ठरून गेली. तिकीट खिडकीचा तो हात जेमतेम शिरेल एवढा झरोका, बॅटरीच्या उजेडात खुर्ची दाखवणारा डोअरकीपर, मुख्य चित्रपटाआधीचा फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट, मध्यंतरातला बटाटेवडा: हे तपशील आमच्या पिढीत कुणालाही ओळखीचे वाटतील. त्याहून महत्त्वाचे हे, की आसपास बसलेली माणसे ओळखीची असत. पडद्यावरील संवादाला पिटातून उत्तर जाई आणि त्या उत्तराला अख्खे थिएटर हसे.

तथापि या आठवणींना स्मरणरंजनाची झिलई चढवणे योग्य होणार नाही. ज्या अंधारात सारे एकत्र बसत, तिथेही स्टॉल आणि बाल्कनी यांचे जिने वेगळे होते. आमच्यातील मुलांना मॅटिनीला एकटे जाता येई. मुलींना मात्र आई, आत्या किंवा शेजारच्या काकू सोबत असाव्या लागत. 1991 मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा बायकांनी चित्रपटगृहे भरून गेली. त्या चित्रपटातील रडण्याची समीक्षकांनी थट्टा केली. परंतु घराबाहेर, चारचौघींत उघडपणे रडण्याची सोय या स्त्रियांना आणखी कुठे होती, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

पुढचा क्रम परिचित आहे. 1982 च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत दूरदर्शन आले, मागोमाग व्हिडिओ आला. 2001 मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत देणारे धोरण आणले. गिरण्यांच्या जमिनींवर मॉल उभे राहिले आणि त्यांतच नवे पडदे आले. दादरचे चित्रा 2019 मध्ये बंद झाले. मल्टिप्लेक्समध्ये पडदे वाढले, तरी मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळण्याचा झगडा संपला नाही. बदलले ते एवढेच, की ज्या प्रेक्षकासाठी तो झगडा होता, तोच तिकिटाच्या दराने दाराबाहेर राहिला.

इमारतींची छायाचित्रे निघतील, चित्रपटांच्या प्रती जतन होतील. प्रेक्षकाचे दप्तर मात्र कुठेच नाही. ते डोअरकीपर, ऑपरेटर आणि बुकिंग क्लार्क यांच्या, आणि आमच्या आया-मावश्यांच्या स्मरणात आहे. ही माणसे आता थकली आहेत. एम. ए.च्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधताना एखाद्या कादंबरीवरील पन्नासावा प्रबंध बाजूला ठेवावा आणि त्यांच्यापाशी जाऊन बसावे, असे आम्हांस वाटते.