पाटण्याचं शहामृग आणि आपण

धुळे-जळगावकडच्या बहुतेकांनी पाटणादेवी पाहिलेली असते. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ काढला, त्याचा शिलालेख तिथलाच. आज मात्र आपल्याला त्याच्या खूप मागे जायचंय.

१९७२-७३ साली पाटणे इथं एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं. दगडी हत्यारांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे निघाले. कवचाचे मणी मिळाले, एका तुकड्यावर तर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली. वय निघालं सुमारे २५,००० वर्षं. म्हणजे तेव्हा आपल्या खानदेशात शहामृग होतं, आणि त्याच्या कवचाचे मणी करणारी माणसंही होती.

आता तुम्ही म्हणाल, वय कळलं कसं? इथं शाळेतलं जीवशास्त्र कामाला येतं. झाडपाला उन्हात हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न तयार करतो. त्या कार्बनमध्ये किंचित कार्बन-१४ असतो, तो किरणोत्सारी. पाला शहामृगाच्या पोटात जातो, पचतो, आणि त्यातला कार्बन रक्तावाटे अंड्याच्या चुन्याच्या कवचात उतरतो. कवच पुरं झालं की नवी आवक बंद. पुढे दर ५,७३० वर्षांनी कार्बन-१४ निम्मा होत जातो. २५,००० वर्षांनी जेमतेम विसावा हिस्सा उरतो. तो मोजायचा आणि उलटा हिशेब करायचा.

मग ती माणसं कोण? वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंतची रांग दाखवणारं चित्र आठवा. त्या चित्रानं फार घोटाळा केलाय. आपण आजच्या माकडांपासून झालेलो नाही. चिंपांझीचा आणि आपला पूर्वज एक होता, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. आपली होमो सेपियन्स ही जात सुमारे तीन लाख वर्षांची. त्या हिशेबानं पाटण्याची माणसं अगदी कालची! मेंदू, हात, घसा, सगळं आपल्यासारखंच. त्यांचं एखादं लेकरू आज धुळ्यातल्या शाळेत बसलं असतं, तर भास्कराचार्यांचं बीजगणित तुमच्या-माझ्याइतकंच शिकलं असतं.

हे सांगतोय कारण सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा माणसांना 'उत्क्रांतीत मागे राहिलेले' म्हणणारे शिकलेले लोक मी ऐकलेत. उत्क्रांती शिडी नाही, फांद्यांचं झाड आहे, आणि आजची सगळी माणसं एकाच फांदीवर आहेत. कोणाकडे शाळा पोचली आणि कोणाकडे नाही, हा इतिहासाचा प्रश्न आहे. त्याचं खापर जीवशास्त्रावर फोडू नका.