आयकिडो आणि समुपदेशन

आयकिडो आणि समुपदेशन : मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांनी जपानमध्ये घडवलेल्या आयकिडो या युद्धकलेतील तत्त्वांचा समुपदेशन व मानसोपचारात होणारा वापर. आयकिडोत हल्ल्याला जोराने उत्तर देत नाहीत. ‘तेनकान’ या हालचालीत पाऊल वळवून हल्लेखोराच्या शेजारी, त्याच्याच दिशेला तोंड करून उभे राहतात व त्याचा जोर वळवतात. विल्यम मिलर व स्टीफन रोलनिक यांनी १९९१ च्या ग्रंथात विशद केलेल्या प्रेरणात्मक मुलाखत या समुपदेशन-पद्धतीतील प्रतिकाराशी न झगडण्याचे तत्त्व याच्याशी जुळते. “दारू सोडणार नाही,” असे व्यसनी व्यक्ती म्हणाली, तर समुपदेशक वाद घालत नाही, “निर्णय तुमचाच. दारूने काय दिले, काय नेले?” असे विचारतो. बदलाची कारणे तिच्याच तोंडून यावीत, हा हेतू. त्यासाठी समुपदेशकाने आधी स्वतःचा तोल सांभाळणे अत्यावश्यक असते.