भ्रमणध्वनीच्या चार्जिंग केबल व पोर्टचा टिकाऊपणा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९६ ते २०२५)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात नव्या शोधांना नेहमीच मानाचे स्थान मिळाले आहे. वस्तू कशी झिजते, तिचा कोणता भाग आधी निकामी होतो आणि तो बदलण्याचा भुर्दंड कोणाला बसतो, हा इतिहास मात्र बहुधा अलिखितच राहतो. भ्रमणध्वनीची चार्जिंग केबल व तिचे पोर्ट हे याचे बोलके उदाहरण होय. २०२० च्या टाळेबंदीत भ्रमणध्वनी हाच असंख्य विद्यार्थ्यांचा वर्ग झाला होता. घरात एकच संच असलेल्या विद्यार्थ्याचे पोर्ट सैल झाले की त्याचे शिक्षणच थांबत होते. म्हणूनच वरकरणी क्षुल्लक वाटणारा हा विषय अभ्यासकांनी गांभीर्याने घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात मानकांच्या विकासक्रमाच्या आधारे टिकाऊपणाच्या कल्पनेत कसे बदल झाले, याचा वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने आढावा घेतला आहे.

प्रारंभीचा कालखंड

जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माजी विद्यार्थी अजय भट्ट यांचा इंटेलमधील या कार्यात महत्त्वाचा वाटा होता. ही जोडणी मुळात संगणकाला कळफलक, मुद्रक यांसारखी साधने जोडण्यासाठी होती. एकदा जोडलेले साधन सहसा काढले जात नसे. त्यामुळे मूळ ‘ए’ प्रकारच्या जोडणीसाठी किमान १,५०० वेळा घालणे-काढणे हा निकष पुरेसा मानला गेला. दिवसातून एकदा वापर धरला तर हे आयुष्य चार वर्षांहून थोडे अधिक भरते.

याच काळात भ्रमणध्वनी उत्पादकांचे चार्जर परस्परांशी जुळत नव्हते. नोकियाची आधी ‘जाड पिन’ आणि पुढे ‘बारीक पिन’ हे शब्द आपल्याकडील घराघरांत रूढ झाले होते. युरोपीय आयोगाच्या माहितीनुसार २००९ मध्ये तेथे तीसहून अधिक प्रकारचे चार्जर वापरात होते. तथापि, गोल पिनेची रचना साधी होती. ती कोणत्याही दिशेने घालता येत असे, ही तिची जमेची बाजू नाकारता येत नाही.

मायक्रो यूएसबी : झिजेचे स्थलांतर

जानेवारी २००७ मध्ये मायक्रो यूएसबीची घोषणा झाली. मिनी यूएसबीसाठी असलेली ५,००० वेळांची मर्यादा येथे १०,००० वर नेण्यात आली. तथापि, या आकड्यापेक्षा त्यामागील रचनाविचार ऐतिहासिकदृष्ट्या अधिक महत्त्वाचा आहे. ज्या स्प्रिंगसारख्या भागांवर सर्वाधिक ताण येतो, ते भाग उपकरणातून काढून केबलच्या टोकाकडे देण्यात आले. झीज टाळता येत नाही. परंतु ती महागड्या संचात व्हावी की स्वस्त केबलमध्ये, हे ठरविता येते. केबलने झिजावे व संच वाचावा, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले.

जून २००९ मध्ये प्रमुख उत्पादकांनी युरोपीय आयोगाबरोबर सामंजस्य करार करून मायक्रो यूएसबीचा स्वीकार केला. हा करार ऐच्छिक होता व त्यात जोडतुकड्याची सवलत होती. ॲपलने सप्टेंबर २०१२ मध्ये लाइटनिंग ही स्वतंत्र जोडणी आणली. तिचे टोक भरीव व दोन्ही बाजूंनी घालता येणारे होते. मात्र स्प्रिंगयुक्त संपर्क पोर्टमध्ये, म्हणजे उपकरणातच होते. एकाच काळात टिकाऊपणाविषयी दोन परस्परविरुद्ध भूमिका अस्तित्वात होत्या, असे यावरून दिसून येते.

प्रयोगशाळा आणि प्रत्यक्ष व्यवहार

दिवसातून दोनदा चार्जिंग केले, तर १०,००० वेळांच्या हिशेबाने पोर्ट साडेतेरा वर्षांहून अधिक टिकावयास हवे. अनुभव तसा नाही. याचे कारण चाचणीच्या स्वरूपात आहे. चाचणीत टोक सरळ रेषेत आत-बाहेर जाते. वापरणारा मात्र ते तिरके ओढतो, चार्जिंग चालू असतानाच बोलतो, अंधारात उलटे दाबतो. पोर्टचा सांगाडा मुद्रित मंडलावर सोल्डरने बसविलेला असतो. बाजूने येणाऱ्या दाबाने हे सांधे तडकतात. खिशातील धूळ व तंतू आत दाबले जाऊन टोक पूर्ण बसत नाही. विद्युतदाब असताना ओलावा शिरल्यास संपर्क गंजतात. केबलमध्ये टोकाच्या मानेजवळ वारंवार वाकल्याने तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटतात. उरलेल्या तारांवर भार वाढून केबल तापते व चार्जिंग मंदावते. तात्पर्य, घालण्या-काढण्याची संख्या हा टिकाऊपणाचा केवळ एक निकष आहे.

यूएसबी-सी आणि कायद्याचा हस्तक्षेप

ऑगस्ट २०१४ मध्ये यूएसबी-सी मानक प्रसिद्ध झाले. चोवीस संपर्कांची ही जोडणी कोणत्याही बाजूने घालता येते. तिची मर्यादा १०,००० वेळांची असून, स्प्रिंग केबलच्या टोकात ठेवण्याचे तत्त्व येथेही कायम आहे. २०२१ मध्ये तिच्याद्वारे २४० वॅटपर्यंत वीज देण्याची तरतूद झाली. सैल संपर्कातून अधिक प्रवाह गेल्यास उष्णताही अधिक निर्माण होते. त्यामुळे केबलच्या दर्जाला नवे महत्त्व आले.

ऐच्छिक कराराच्या मर्यादा लक्षात आल्यावर युरोपीय संघाने २०२२ मध्ये निर्देश काढला. २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या भ्रमणध्वनींना तेथे यूएसबी-सी बंधनकारक झाले. ॲपलने सप्टेंबर २०२३ मध्येच आयफोन १५ द्वारे हा बदल स्वीकारला होता. भारतीय मानक ब्यूरोने जानेवारी २०२३ मध्ये यूएसबी-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केल्याचे जाहीर केले. परंतु समानता म्हणजे टिकाऊपणा नव्हे. त्या दृष्टीने २० जून २०२५ पासून युरोपात लागू झालेला स्मार्टफोनविषयक नियम अधिक मूलगामी आहे. एखाद्या प्रतिमानाची विक्री थांबल्यानंतरही सात वर्षे चार्जिंग पोर्टसह महत्त्वाचे सुटे भाग व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याचे बंधन त्यात आहे.

निष्कर्ष

१. टिकाऊपणा हा वस्तूचा केवळ अंगभूत गुण नसून, झीज कोठे व्हावी याविषयी घेतलेल्या निर्णयाचा तो परिणाम आहे.

२. मायक्रो यूएसबीपासून झिजेचा भार केबलवर टाकण्यात आला. ही योजना ग्राहकहिताची आहे. मात्र चांगली केबल परवडणाऱ्या दरात मिळाली तरच ती सफल होते.

३. ऐच्छिक करारांनी जोडण्यांची संख्या घटली. पूर्ण एकरूपतेसाठी कायद्याचीच आवश्यकता भासली.

४. एकरूपतेनंतरचा टप्पा दुरुस्तीच्या हक्काचा आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने दुरुस्तीच्या हक्काविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. माहितीच्या या उपलब्धतेला सुट्या भागांच्या हमीची जोड मिळणे गरजेचे आहे.

बाजारपेठेच्या गावातील छोट्या दुकानात सोल्डरिंगची लेखणी घेऊन पोर्ट बदलणारा कारागीर या इतिहासाचा दुर्लक्षित घटक आहे. मानके तयार करणाऱ्यांनी जे गृहीत धरले नाही, ते तो रोज निस्तरतो. त्याच्या कौशल्याची नोंद घेतल्याशिवाय टिकाऊपणाचा इतिहास पूर्ण होणार नाही, असे म्हणावेसे वाटते.