फ्रेम सरळ करणे (सायकलची)

पोलादी सायकलचा वाकलेला सांगाडा न तापवता, हाताच्या जोरावर पुन्हा मापात आणणे. चाकाचा आउट काढणे हे निराळे काम. ते तारांचे आहे. दोहोंची गल्लत सर्रास होते आणि फ्रेमच्या दोषापायी चांगल्या चाकाच्या तारा उगाच पिळल्या जातात.

वापर : गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुका धानाचा. तिथे काळी, दांड्याची, २८ इंची चाकांची सायकल हे बसण्याइतकेच ओझ्याचे वाहन. कॅरिअरवर पोते, दांड्याला बांबू, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेला डबलसीट. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या. लेडीज सायकलीला आडवा दांडा नसल्याने समोरचा धक्का तिरप्या नळ्यांनाच सोसावा लागतो.

इतिहास : ॲटलस (सोनीपत, १९५१) व हीरो (लुधियाना, १९५६) हे कारखाने निघाल्यावर देशी पोलादी सायकल गावोगाव पोहोचली.

तपासणी : दुरुस्तीचा खरा भाग हाच. मागचे चाक काढावे. मागच्या आखाच्या डाव्या खाचेला सुतळी बांधून ती पुढे हँडलखालच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेपर्यंत ताणून आणावी. मग सीटखालच्या उभ्या नळीपासून सुतळीचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. समजा, डावीकडे २७ मिमी. आणि उजवीकडे २३ मिमी. भरले, तर मागचा भाग डावीकडे सरकलेला आहे. सरक मात्र ४ मिमी. नसते. सुतळी दुहेरी असल्याने फरक दुप्पट दिसतो, आणि उभी नळी वाटेत मध्याच्या थोडी मागेच असल्याने तो काहीसा घटतो. खाचेपाशी सरक साधारण साडेतीन मिमी. निघते. फरक १ मिमी.च्या आत असेल तर फ्रेमला हात लावू नये. सुतळी सैल राहिली तर सगळे माप फुकट. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी पुरते, पण शून्यापूर्वीची कोरी कड धरून मोजू नये.

समोरून धडक बसली असेल तर सुतळी काही सांगत नाही. सायकल बाजूने पाहावी : हँडलखालची नळी आणि सीटखालची नळी काळ्या सायकलीत जवळजवळ समांतर असतात, तेव्हा एक डोळा मिटून दुसऱ्याने पाहिले तरी बाक कळतो. वळताना पायाचा अंगठा पुढच्या मडगार्डला लागू लागला, हीही खूण. हँडलखालच्या नळीतून मागे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांच्या खालच्या अंगाला बोट फिरवावे. रंग तडकून कातडीला पडावी तशी वळी लागली, तर नळी पिचकली आहे.

कृती : मागच्या भागासाठी सागाची जाड फळी व दोन माणसे. वरील उदाहरणात फळी उभ्या नळीच्या उजव्या अंगाला टेकवून मागच्या उजव्या नळ्यांच्या आतून बाहेर काढावी आणि मोकळे टोक उजवीकडे रेटावे. डावी बाजू मग तितकीच आत घ्यावी. पोलाद परततेच : रेटा सोडला की थोडे मागे येते, म्हणून हव्या जागेच्या किंचित पुढे न्यावे लागते. एका दमात नेऊ नये. रेटा, सोडा, सुतळी लावा, पुन्हा रेटा. हातोडा वापरू नये, नळीला खळगा पडतो आणि तो निघत नाही. शेवटी दोन्ही खाचा एकमेकींना समांतर आहेत ना ते पाहावे, नाहीतर आख वाकतो.

पुढच्या भागासाठी चिमटा (पुढचे चाक धरणारा दुबेळका) काढून हँडलखालच्या नळीत पहार घालून ओढतात. वळी पडलेली नळी अशी ओढल्यास त्याच जागी चीर जाण्याची शक्यता असते. तिथे फ्रेम बदलणे बरे. वाकलेला चिमटा काही मिस्तरी सरळ करून देतात. तो नवा घालावा.

तापवणे : याविषयी मतभेद आहेत. पितळी डाखाचे सांधे सुमारे ९०० अंश से.ला सुटू लागतात, एवढे खरे.

रंग : उघड्या पडलेल्या जागी रेड ऑक्साइड लावावा. नळीच्या आतला गंज बाहेरून दिसत नाही.

ॲल्युमिनियम व कार्बनच्या फ्रेमला वरील कृती लागू नाही.