खून आणि मनुष्यवध

आपल्या वऱ्हाडात कोणाच्या मारहाणीत कोणी मेले की ओसरीवर पहिला प्रश्न निघतो, "तीनशे दोन लागली का?" अकोल्याच्या बाजारातली भाजीवालीही हा आकडा जाणते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत त्या कलमाचा क्रमांक १०३ झाला. पण जुना आकडा जिभेवरून इतक्यात उतरेल असे मला वाटत नाही. मात्र एकाला तीनशे दोन आणि दुसऱ्याला तीनशे चार का लागते, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जणी गप्प बसतील. माझ्या सासरी वकिली होती. निकालांची जाड पुस्तके घरात असत आणि दुपारच्या वेळी ती मी चाळीत असे. त्यातले थोडे येथे सांगते, कारण त्या पुस्तकांत बायकांच्या हकिकती पुष्कळ आहेत.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांताने १७९४ सालीच खुनाचे पहिला आणि दुसरा असे दर्जे पाडले. आपल्या १८६० च्या दंडसंहितेत 'दर्जा' हा शब्द नाही. तिने आधी 'सदोष मनुष्यवध' असे मोठे वर्तुळ काढले आणि त्याच्या आत 'खून' हे लहान वर्तुळ ठेवले. प्रत्येक खून हा मनुष्यवध असतो, पण प्रत्येक मनुष्यवध हा खून नसतो. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने याचेच तीन दर्जे सांगितले: सर्वांत भारी तो खून, त्याखाली कलम ३०४ चा पहिला भाग, आणि त्याखाली दुसरा. हेतू नव्हता, पण मरण येण्याचा संभव आहे हे ठाऊक होते, असे प्रकरण या शेवटच्या भागात पडते. मेलेला माणूस तिन्हींत सारखाच मेलेला असतो. मोजायचे ते मारणाऱ्याचे मन! आणि मन तर कोणाला दिसत नाही. म्हणून न्यायाधीश हत्यार पाहतात, घाव कोठे बसला ते पाहतात, किती जोराने बसला ते पाहतात आणि त्यावरून आत काय होते ते ताडतात.

हे ताडणे कसे चालते, त्याचा मुंबई उच्च न्यायालयातील १८७६ सालचा गोविंदाचा खटला आजही वकील पुढे ठेवतात. नवरा अठरा वर्षांचा, बायको पंधरा वर्षांची. त्याने तिला लाथ मारली, पाठीत बुक्के घातले. ती खाली पडली. मग त्याने तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर बंद मुठीचे दोन-तीन जबर ठोसे दिले. मेंदूवर रक्त साकळून ती पोर मेली. सत्र न्यायालयाने खून ठरवून फाशी दिली. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे एकमत होईना, म्हणून प्रकरण तिसऱ्याकडे, न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेले. त्यांनी प्रश्न असा मांडला की, अशा माराने मरण येण्याचा संभव किती? नुसता संभव असेल तर मनुष्यवध, आणि इजाच अशी असेल की सृष्टिक्रमाने तिच्यातून मरण यावेच, तर खून. मुठीच्या मारात त्यांना मारून टाकण्याचा हेतू दिसला नाही. फाशी गेली आणि सात वर्षांचे काळे पाणी उरले.

हा निकाल तर्काला धरून आहे, हे मी नाकारीत नाही. तरी तो वाचताना माझ्या मनात येते की, हत्यार पाहून मन ताडायचे ठरले की घरातल्या बाईचे मरण आपोआपच हलक्या कलमाकडे सरकते. तिला मारायला भाला, बंदूक कशाला लागते?

दुसरी बाजू पाच वर्षांनी दिसली. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला आपले अर्भक मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती जन्मठेपेवर आली, व पुढे आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्या स्त्रीजातीवरच कोरडे ओढले. त्याला उत्तर दिले ते आपल्या वऱ्हाडातील बाईने. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यात छापले गेले. विधवेला पुन्हा लग्न नाही, तिला फसवणारा पुरुष मात्र मोकळा, मग दोष एकटीचा कसा, हा त्यांचा सवाल होता. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. त्यांनी तर अशा विधवांसाठी १८६३ सालीच पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. ताराबाईंनी कलमांची चर्चा केली नाही. पण मन मोजायचे तर त्या मनाला तेथवर कोणी आणले तेही मोजा, असेच त्यांचे म्हणणे मला वाटते.

पुढे कायद्याचा काटा थोडा हलला. १९३६ साली नागपूरला उच्च न्यायालय झाले. अमरावती-अकोल्याची अपिले तेथे जात, आणि तेथल्या न्यायमूर्तींत व्हिव्हियन बोस होते. तेच सर्वोच्च न्यायालयात असताना १९५८ साली विरसासिंगाचा खटला आला. पोटात भाल्याचा एकच घाव, आतडी बाहेर, माणूस एका दिवसाच्या आत गेला. "मला मारायचे नव्हते" हा बचाव बोस यांनी मानला नाही. मरणाचा हेतू सिद्ध करण्याची गरज नाही. ती इजा करण्याचा हेतू होता, आणि ती इजा सृष्टिक्रमाने मरण आणण्यास पुरेशी होती, एवढे पुरे. 'इतकी इजा होईल असे वाटले नव्हते' ही पळवाट त्यामुळे बरीच अरुंद झाली.

रागाचा अपवाद निराळा. गंभीर आणि अचानक डिवचले गेल्यामुळे भान सुटले तर खुनाचा मनुष्यवध होतो. नानावटी खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कबुली ऐकल्यावर जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर आणण्याइतका वेळ मिळाला, तेव्हा राग 'अचानक' राहिला नाही. ते बरोबरच. पण वर्षानुवर्षे मार खाणाऱ्या बाईचा राग अचानक क्वचितच असतो; तो चुलीवरच्या दुधासारखा हळूहळू वर येतो. 'अचानक' या शब्दाने तिचे काम अवघड केले आहे.

१९८६ साली हुंडाबळीचे कलम आले. लग्नापासून सात वर्षांच्या आत जळून, इजेने किंवा संशयास्पद रीतीने मरण आणि त्याआधी हुंड्यापायी छळ, एवढे दाखवले की न्यायालय सासरच्या छळणाऱ्याला जबाबदार धरते. निदान येथे तरी सारा भार हत्यारावर राहिला नाही. शिक्षा कमीत कमी सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप. नव्या संहितेत हे कलम ८०. बाळंतपणाने मन ढळलेल्या आईने केलेली अर्भकहत्या इंग्लंडने १९२२ सालीच खुनापासून वेगळी काढली. आपल्याकडे तशी सोय जुन्या संहितेत नव्हती आणि नव्या संहितेतही नाही. अकोल्याच्या सत्र न्यायालयात आज अशी बाई उभी राहिली तर तिचे मनही सर्वांच्याच कलमांनी, १०० आणि १०१ नेच, तोलले जाईल. आणि फाशी झालीच, तर ती कायम करायची की नाही हे नागपूरचे खंडपीठ ठरवील.