परग्रहांच्या हवेचा माग

महाश्व तारकासमूहातल्या एचडी २०९४५८ या ताऱ्यासमोरून एक ग्रह सरकताना १९९९ मध्ये प्रथमच दिसला. हे अधिक्रमण टिपणाऱ्या दोन गटांपैकी डेव्हिड शार्बोनो यांच्या गटाची दुर्बीण जेमतेम १० सेंटिमीटर व्यासाची होती. साडेतीन दिवसांत प्रदक्षिणा पुरी करणारा हा ग्रह दर वेळी ताऱ्याचा सुमारे दीड टक्का प्रकाश अडवतो.

ग्रहाभोवती हवा असेल, तर ताऱ्याच्या प्रकाशाचा अगदी थोडा अंश तिच्यातून गाळून येतो. हवेतला वायू ज्या रंगाचा प्रकाश शोषतो, त्या रंगात ग्रह किंचित मोठा भासतो. त्यात सोडियमची खूण ठळक असेल, असे भाकीत सारा सीगर व दिमितर सासेलोव्ह यांनी २००० मध्ये केले. हबल दुर्बिणीने त्याच वर्षी घेतलेल्या नोंदींत ती सापडली आणि २००२ मध्ये शोधनिबंध आला. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा असतो त्याच पिवळ्या रंगात हा ग्रह शेजारच्या रंगांपेक्षा ०.०२३ टक्का जास्त प्रकाश अडवत होता. फरक अपेक्षेहून कमी भरला. उंचावरच्या ढगांनी खालची हवा झाकली असावी, असा एक तर्क होता.

इतक्या बारीक फरकावर उभा असलेला निष्कर्ष पुन्हा पुन्हा तपासावाच लागतो. तारा स्वतःभोवती फिरतो. सरकता ग्रह त्याचे निरनिराळे भाग झाकत गेला, की ताऱ्याच्याच सोडियम रेषेचा आकार बदलतो. २०२० मध्ये जमिनीवरच्या दुर्बिणींच्या नोंदींवरून, ही खूण एवढ्यानेच निर्माण होऊ शकते, असे दाखवले गेले. या क्षेत्रातला पहिलाच शोध त्यामुळे वादात सापडला.

जेम्स वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशाचा मोठा पट्टा खुला केला. २०२२ मध्ये वास्प-३९बी या ग्रहावर कार्बन डायऑक्साइड निःसंदिग्धपणे दिसला. त्यापाठोपाठ सल्फर डायऑक्साइडही सापडला. ताऱ्याच्या अतिनील किरणांमुळे ग्रहाच्या हवेत रासायनिक क्रिया घडतात, याचा तो पहिला ठोस पुरावा ठरला.

केटू-१८बी या ग्रहावर पाण्याची वाफ असल्याचे २०१९ मध्ये हबलच्या नोंदींवरून जाहीर झाले होते. २०२३ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला वेबच्या नोंदींत मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड मिळाले, पाण्याची स्पष्ट खूण मात्र मिळाली नाही. हबलच्या मर्यादित पट्ट्यात वाफ आणि मिथेन यांच्या खुणा एकमेकींत मिसळतात. याच ग्रहावर डायमिथाइल सल्फाइड, म्हणजे पृथ्वीवर मुख्यतः सागरी जीवांमुळे तयार होणारा वायू, असल्याचे संकेत त्या गटाने २०२५ मध्ये मांडले; त्याच नोंदी तपासणाऱ्या इतर संशोधकांना मात्र हा पुरावा अपुरा वाटला.