मधल्या सुट्टीत काय घडते?

उर्वरित महाराष्ट्रातील शाळा जूनच्या मध्यास गजबजतात. विदर्भातील शाळांची घंटा मात्र उन्हाचा कडाका ओसरल्यावर, जूनच्या अखेरीस वाजते. यवतमाळच्या बाजारात त्या आठवड्यात वह्या, दप्तरे आणि रेनकोट घेणाऱ्यांची झुंबड उडते. गणवेश शिवून आला, पुस्तकांना कव्हरे चढली, ऑटोवाले काका ठरले की पालक निश्चिंत होतात. मुलाच्या मनातली यादी निराळी असते. शेजारी कोण बसणार, गेल्या वर्षी टोपणनाव ठेवणारा मुलगा यंदाही त्याच तुकडीत आला तर काय, मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खायचा? गुणपत्रिकेत या प्रश्नांसाठी रकाना नसल्याने घरात त्यांची चर्चा क्वचितच होते.

शाळकरी मुलांतील छळासाठी ‘बुलिंग’ हा इंग्रजी शब्द आता मराठी घरांतही रुळला आहे. ‘चिडवाचिडवी’ किंवा ‘खोड्या’ हे आपले शब्द त्या मानाने फारच सौम्य, तर ‘गुंडगिरी’ हा दहा वर्षांच्या मुलाच्या संदर्भात फार जड. त्यामुळे पालक एक तर प्रकार हसण्यावारी नेतात किंवा एकदम पोलीस ठाण्याची भाषा बोलू लागतात. नॉर्वेतील बर्गन येथे संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी १९७० च्या दशकात या विषयाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. त्यांनी सांगितलेल्या तीन खुणा आजही प्रमाण मानल्या जातात : त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन बाजूंच्या बळातील तफावत. हे बळ केवळ मनगटाचे नसते. वय, मित्रांची संख्या, घरची श्रीमंती, जात, भाषा यांचेही असते. गोट्या खेळताना दोन मित्रांची जुंपली आणि संध्याकाळी ते पुन्हा गळ्यात गळे घालून फिरू लागले, तर त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. रोज एकाच मुलाची टोपी झाडावर जात असेल आणि तो सोडून सारे हसत असतील, तर तो छळ आहे.

नॉर्वेत १९८२ साली तीन किशोरवयीन मुलांनी आत्महत्या केल्या. त्यामागे सोबत्यांकडून झालेला छळ असावा, असे पुढे आल्यावर तेथील शासनाने दुसऱ्याच वर्षी शाळांतून देशव्यापी मोहीम हाती घेतली. युनेस्कोच्या २०१९ मधील अहवालानुसार जगातील जवळजवळ दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाला, पाहणीपूर्वीच्या महिन्याभरात किमान एकदा तरी शाळासोबत्यांकडून असा त्रास झालेला होता. तेव्हा ‘आमच्या शाळेत असले काही नसते’ हे वाक्य कोणत्याही मुख्याध्यापकांनी जरा जपूनच उच्चारावे.

निमित्ते इथल्या मातीतली

चिडवण्याचे निमित्त प्रत्येक मुलखात वेगळे असते. सोळा तालुक्यांच्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरची बोली एक नाही. वऱ्हाडी तर आहेच; पुसद, दिग्रस, दारव्हा या भागांतील तांड्यांवर गोरमाटी, केळापूर, झरी-जामणी, मारेगाव परिसरातील पोडांवर कोलामी, शिवाय गोंडी. चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिल्या बाकावर बसणारे मूल पाचवीत तालुक्याच्या मोठ्या शाळेत येते आणि त्याच्या उच्चारांना हशा मिळू लागतो. तांडा, पोड, बेडा हे शब्द खरे तर वस्त्यांची नावे. वर्गात त्यांचा वापर शिवीसारखा होऊ शकतो. यवतमाळ शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ‘मले’, ‘तुले’ म्हणणाऱ्या मुलाची गत याहून फार वेगळी नसते. गंमत अशी की, त्याला हसणाऱ्यांच्या आजी-आजोबांची बोली बहुधा तीच असते, आणि हीच मुले पुढे पुण्याच्या वसतिगृहात गेली की त्यांच्या वऱ्हाडी हेलाला तेथे कोणीतरी हसते.

याच जिल्ह्यातले आणखी एक निमित्त बोलायला कठीण आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे या शेतकरी विधवेच्या हस्ते झाले. व्यासपीठावर मिळालेला असा मान वर्गाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. वडिलांनी जीवन संपवलेल्या मुलाला त्याविषयी खोदून विचारणे, तो आला की कुजबुज थांबवणे, मदतीत मिळालेल्या दप्तरावरून बोलणे, याला इतर मुले चिडवणे समजतही नाहीत. अशा वेळी वर्गातील इतरांच्या आईवडिलांनी घरात काय बोलावे, याला फार महत्त्व येते. मुले ही कुजबुज बहुतेक वेळा मोठ्यांच्या बोलण्यातूनच उचलतात.

मुलींच्या बाबतीत छळ अनेकदा आवाज करीत नाही. धक्काबुक्की नसते, खेळात घेतले जात नाही, वाढदिवसाला एकटीलाच बोलावले जात नाही, सगळ्या मिळून एकीशी कट्टी घेतात. तक्रार करायला गेले तर ‘बोलत नाहीत’ यापलीकडे सांगण्यासारखे काही हाती नसते. हा त्रास मारापेक्षा कमी समजू नये.

न सांगण्याची कारणे

मूल घरी सांगत नाही, हा या प्रश्नाचा गाभा आहे. लाज हे एक कारण. दुसरे, आई-बाबा शाळेत जाऊन आरडाओरडा करतील आणि उद्या त्रास दुप्पट होईल ही भीती. ती बऱ्याचदा खरीही ठरते. तिसरे कारण मोठ्यांच्या लक्षात येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, भाव पडलेला आहे, घरात ताण आहे. अशा वेळी दहा वर्षांचे मूलही आपले दुःख आवरते. शहरातल्या नोकरदार घरांतही वेगळे घडत नाही, फक्त तिथे वेचणीऐवजी मार्चअखेर असतो.

खेड्यातून एसटीने शाळेत येणाऱ्या मुलीसमोर याहून मोठा पेच असतो. ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो, मानव विकास मिशनच्या निळ्या बसगाड्याही धावतात. बसमध्ये किंवा थांब्यावर कोणी त्रास दिला आणि तिने तो घरी सांगितला, तर ‘मग शाळा पुरे’ असे उत्तर येण्याची धास्ती तिला असते. म्हणून अशा मुलीला एक वाक्य आधीच, काहीही घडण्यापूर्वी, सांगून ठेवावे लागते : काहीही झाले तरी तुझी शाळा बंद होणार नाही. हे वाक्य वडिलांनी म्हटले तर त्याचे वजन अधिक.

मूल बोलले नाही तरी खुणा दिसतात. कंपासपेटी वारंवार हरवते, डबा भरलेला परत येतो, सोमवारी सकाळी पोट दुखते आणि शाळेची वेळ टळली की थांबते. शाळेतून आल्याआल्या मूल धावत स्वच्छतागृहात जात असेल, तर दिवसभर ते तिथे जायला टाळते आहे, असा अर्थ निघू शकतो. शिक्षकांची नजर न पोहोचणारी ती जागा असते. यांपैकी एखादी खूण म्हणजे छळाचा पुरावा नव्हे, पण दोन-तीन खुणा एकत्र आल्या तर चौकशी करावी.

चौकशीची रीत मात्र सांभाळावी. ‘तुला कोणी मारते का?’ या थेट प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येते. ‘आज डबा कोणाबरोबर खाल्लास?’, ‘बसमध्ये कुठे बसलीस?’ असे साधे प्रश्न अधिक उपयोगी. मूल बोलू लागले की मध्ये सल्ला देऊ नये. ‘तूही दोन ठेवून दे’ हा घराघरांतला आवडता सल्ला सर्वांत निरुपयोगी, कारण बळात तफावत आहे म्हणूनच तर छळ होतो आहे. परत मारता आले असते तर मुलाने ते कधीच केले असते. ‘दुर्लक्ष कर’ हेही तितकेच पोकळ.

ऐकून झाल्यावर तारीख, जागा आणि घटना एका वहीत लिहून ठेवावी आणि प्रथम वर्गशिक्षकांना शाळा सुटल्यावर, मुलांदेखत नव्हे, भेटावे. त्रास देणाऱ्या मुलाच्या घरी थेट जाणे टाळावे. त्या भेटींचे रूपांतर दोन कुटुंबांच्या भांडणात होते. वर्गशिक्षकांकडे मागणी करायची ती शिक्षेची नव्हे, तर लक्ष ठेवण्याची : मधली सुट्टी, जिना, स्वच्छतागृह, बसथांबा. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांच्या अभ्यासाने दाखवून दिले की, छळ केवळ दोघांमध्ये घडत नाही. काही जण साथ देतात, काही हसून उत्तेजन देतात, काही बाजूला उभे राहतात, एखादाच मध्ये पडतो. याच विचारावर उभा राहिलेला ‘किवा’ हा कार्यक्रम फिनलंडमध्ये २००९ पासून देशभर राबवला गेला. बघ्यांचे हसणे थांबले की दादागिरीतील गोडी जाते, हे त्यामागचे सूत्र. आपल्या मुलाला त्रास होत नसला तरी ‘तुमच्या वर्गात कोण एकटे असते?’ हे त्याला विचारता येते.

शाळा दाद देत नसेल तर

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली आहे. ‘मठ्ठ’ म्हणून रोज उभे करणारे शिक्षकही यातून सुटत नाहीत, आणि शिक्षकच ज्याला हसतात त्याला वर्ग सोडत नाही, हे उघड आहे. याच कायद्यानुसार विनाअनुदानित शाळा वगळता इतर शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. समितीच्या सभा पोषण आहार आणि इमारतीच्या दुरुस्तीवरच संपत असतील, तर हा विषय तिथे मांडण्यास पालकांना कोणाची आडकाठी नाही.

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा केवळ महाविद्यालयांसाठी आहे, असा सार्वत्रिक समज आहे. त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या पुष्कळ व्यापक असून वसतिगृहेही तीत येतात, आणि तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखांनी चौकशी करणे बंधनकारक आहे. घरापासून दूर आश्रमशाळांत व वसतिगृहांत राहणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पाचवीतल्या मुलावर थेट कायद्याचा बडगा उगारणे अर्थातच शहाणपणाचे नाही. अठरा वर्षांखालील मुलांसाठी बालन्यायाची वाट वेगळी आहे. राज्य शासनाने २०२२ मध्ये शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या स्थापन करण्याचे आदेश दिले. ती आपल्या शाळेत आहे का, तिच्यात कोण आहे, हे पालकसभेत विचारावे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेला आणि आता शासन चालवीत असलेला १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. मूल फारच खचलेले, अबोल झालेले किंवा जिवाविषयी निराशेचे बोलू लागले असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर समुपदेशक मिळतो, तिथे थांबू नये.

आणि आपलेच मूल त्रास देणारे निघाले तर? शाळेतून निरोप आला की ‘आमचा असा नाही’ हे उत्तर तयार असते. ते गिळून ‘नेमके काय झाले’ हे ऐकून घ्यावे. घरी चोप दिल्याने मूल सुधारत नाही. बळकटाने दुर्बलाला मारायचे असते, हाच धडा त्याला पुन्हा मिळतो. माफी मागायला लावण्यापेक्षा मोडलेली कंपासपेटी खाऊच्या पैशांतून भरून द्यायला लावणे अधिक परिणामकारक.

नंदीबैल, भुलाबाई आणि तुरीच्या शेंगा

समोर बसवून विचारले की मूल गप्प होते; हात कशात तरी गुंतलेले असले की बोलते. कुटुंबाने एकत्र घालवलेल्या वेळेचे मोल मौजेपुरते नाही, ते यामुळेच. त्यासाठी मॉल लागत नाही, आणि यवतमाळला निमित्तांची वाणही नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा हा तर विदर्भाने खास मुलांसाठी राखलेला सण. सजवलेला लाकडी नंदी ओढत मुले घरोघर जातात आणि बोजारा घेऊन येतात. अलीकडे नंदीच्या उंचीवरून पालकांचीच चढाओढ लागते, आणि ज्याचा नंदी लहान त्याला हिणवले जाते. बाजारातून महागडा नंदी आणण्याऐवजी जुन्याच नंदीला आदल्या रात्री वडिलांनी मुलासोबत बसून रंग दिला, शिंगांना बेगड लावली, तर दोन तास सहज मिळतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई असते. गाण्यांनंतर डब्यातला खाऊ ओळखण्याचा जो खेळ चालतो, त्यात वर्गात एकटी पडलेल्या मुलीलाही बोलावता येते. शाळेबाहेर जुळलेली एक मैत्री वर्गात ढालीसारखी उपयोगी पडते.

पाऊस ओसरल्यावर पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहावा, तोही कड्यापासून दूर राहून. हिवाळ्यात टिपेश्वर अभयारण्यात पहाटेची सफारी घडवावी. वाघ दिसेलच असे नाही, पण परतीच्या वाटेवर मागच्या आसनावरून गप्पा सुरू होतात. प्रवासात आजोबा सोबत असले तर यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावर रमतगमत जाणाऱ्या ‘शकुंतला’ रेल्वेच्या आठवणी निघतात. आजोबांनाही शाळेत कोणी काय म्हणून चिडवले होते, हे त्यांना त्या ओघात विचारावे. नातवंडे कान टवकारून ऐकतात.

यातले काहीच जमले नाही तरी हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा घरोघर येतात. सोलेभातासाठी सगळे परातीभोवती बसले की मुले शाळेतले काहीबाही सांगू लागतात. एखादे नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर हातातले काम थांबवू नये, चेहऱ्यावर काळजी आणू नये. शेंगा तशाच सोलत राहून ‘मग?’ एवढेच विचारावे.